गावच्या सड्यावरचं कातळशिल्प मोबाइलने उतरवलं – अनुभव, चुका आणि थोडे प्रश्न

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण हा विषय डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. कुठलं ते मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे येईलच. वाडीच्या वर चढून गेलं की सडा लागतो, नुसता उघडा जांभ्याचा कातळ, पावसात हिरवागार आणि दिवाळीनंतर गुडघाभर पिवळं गवत. त्या कातळावर एक चित्र खोदलेलं आहे. आजी म्हणायची पांडवांनी एका रात्रीत खोदलं, कोंबडा आरवला म्हणून अर्धवट टाकून गेले. आम्ही मे महिन्यात त्याच्यावरच बसून करवंदं खायचो, त्यापलीकडे कुणाला काही पडलेली नव्हती. मग सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई ही रत्नागिरीची मंडळी गेल्या दहा-बारा वर्षांत सडेच्या सडे पायाखाली घालून एकेक चित्र उजेडात आणायला लागली, पेपरात यायला लागलं, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली आणि आमच्या फ्यामिली ग्रुपवर अचानक सगळ्यांना आजीचे पांडव आठवले.

आमचं चित्र त्या यादीतल्या नऊ ठिकाणांत नाही. ते कुठेच नाही. आणि या एप्रिलला गेलो तर दोन तुकडे सोडून पलीकडे चिरेखाण सुरू झालेली. जांभा खोदणाऱ्या मशिनचा आवाज आणि लाल धुरळा थेट चित्रापर्यंत. तेव्हा ठरवलं की निदान नीट नोंद तरी करून ठेवायची.

पहिला प्रयत्न: दुपारी बारा वाजता मोबाइलने चाळीस फोटो काढले. पुण्याला येऊन लॅपटॉपवर बघतो तर करपलेल्या भाकरीचे चाळीस फोटो. डोक्यावर ऊन असलं की खोदलेल्या रेघेत सावलीच पडत नाही, आणि कातळावर काळे डाग, शेवाळाचे पापुद्रे, वणव्याची काजळी इतकी असते की रेघ कुठली आणि डाग कुठला ते कळतच नाही.

दुसरा प्रयत्न: चुलतभाऊ म्हणाला सकाळी ये. पावणेसातला गेलो, ऊन अगदी जमिनीलगत आडवं येत होतं, आणि काय सांगू, तीस वर्षं ज्याला मी मासा समजत होतो त्याला चार पाय होते! पंधरा मिनिटं तो खेळ चालला, मग ऊन वर आलं आणि पाय गेले.

त्या फोटोंनी जीव सुखावला पण त्यातून माप निघत नाही. म्हणून तिसरा प्रयत्न, फोटोग्रामेट्री. सोप्या भाषेत सांगायचं तर एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, जमत नाही, कारण खोली दोन डोळ्यांच्या दोन वेगळ्या जागांमुळे कळते. इथे दोनाऐवजी चारशे डोळे. एकाच जागेचे वेगवेगळ्या ठिकाणांहून फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा निदान सत्तर टक्के भाग आला पाहिजे, मग सॉफ्टवेअर त्यातले सारखे ठिपके जुळवतं, कॅमेरा कुठे होता ते उलटं शोधून काढतं आणि त्या कातळाचा खोलीसकट साचा तयार करतं. मी सेल्फी स्टिकला मोबाइल उलटा बांधला आणि नांगर धरल्यासारखा एका तासाला लागून दुसरं तास असा उभा-आडवा चाललो. चित्र साधारण चार मीटर बाय तीन, फोटो झाले ४१२. मापासाठी शिंप्याची लोखंडी मीटरपट्टी कडेला ठेवली.

यात एक गंमत कळली जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. या कामाला ते आडवं ऊन नको असतं! सावल्या सरकतात आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. ढगाळ हवा उत्तम, नाहीतर सूर्य डोंगराआड गेल्यावरची वीस मिनिटं. आडवं ऊन नंतर कॉम्प्युटरवर स्वतःच पाडायचं, हव्या त्या दिशेने, हवं तितका वेळ.

सॉफ्टवेअर मेशरूम वापरलं, फुकट आहे, पण त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड लागतं. माझा लॅपटॉप रात्रभर चालला आणि पहाटे गपगार झाला. शेवटी भाच्याच्या गेमिंगच्या मशिनवर केलं, बदल्यात त्याला बिर्याणी. मॉडेल झालं, रंगीत, छान, आणि परत भाकरीच. मग भाच्यानेच सहज कातळाचा रंग काढून टाकला, नुसता राखाडी आकार ठेवला आणि एका बाजूने दिवा लावला. तिथे मला खरं चित्र दिसलं. डाग गेले, शेवाळ गेलं, फक्त खोदलेलं उरलं. पोटाजवळ आणखी एक छोटं काहीतरी आहे, पावलांसारखं, जे आजवर कुणालाच दिसलेलं नाही असं मला वाटतंय.

आता प्रश्न. हा डेटा ठेवायचा कुठे? जागा जाहीर करावी की नाही? शेजारी एक वीसेक फुटी आकृती आहे असं भाऊ म्हणतो, ती ड्रोनशिवाय जमेल का? आणि मी काय चुकलो?

चहाटळ

मी पैला. भाच्याला बिर्याणी दिली हे वाचून डोळे पाणावले. मॉडेलची लिंक कुठाय?

सड्यावरचा

@चहाटळ लिंक देणार होतो, पण त्यात लोकेशन जातं असं भाच्याने ऐन वेळी सांगितलं. म्हणूनच तो प्रश्न विचारलाय.

निवृत्त भूमापक

छान उद्योग केलात. तीस वर्षं साखळी ओढलेला माणूस म्हणून चार गोष्टी सांगतो, राग मानू नका.

एक मीटरपट्टी एका कडेला ठेवून भागत नाही. तिच्याजवळ माप बरोबर येतं आणि दुसऱ्या टोकाला साचा पापडासारखा वाकतो, विशेषतः तुम्ही सगळे फोटो सरळ खाली बघून काढले असतील तर. दोन्ही बाजूंना पट्ट्या ठेवा, काही फोटो मुद्दाम तिरके घ्या, आणि चार कोपऱ्यांत कागदावर छापलेल्या खुणा ठेवून त्यांच्यातली सगळी अंतरं, दोन्ही कर्ण धरून, टेपने मोजून वहीत लिहा. त्यातली दोन-तीन अंतरं सॉफ्टवेअरला सांगायचीच नाहीत. नंतर त्याला विचारायचं की बाबा हे किती भरतं, आणि वहीशी ताडून बघायचं. जुळलं तरच ते मोजमाप, नाहीतर तो देखावा. खुणांवर दगड ठेवा, कातळाला रंग, चुना, खिळा काहीही लावू नका.

दुसरं म्हणजे उत्तर दिशा. सगळे मोबाइलचं होकायंत्र लावतात. तुमच्याच तालुक्यात देवाचे गोठणे इथे कातळशिल्पाजवळ होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं हे प्रसिद्ध आहे. जांभ्यात लोह असतं. म्हणून सड्यावर सुईवर विसंबायचं नाही. लांबवरच्या दोन जागांचे जीपीएस आकडे घ्या आणि त्यांच्या रेषेवरून उत्तर काढा. ड्रोनवाल्यांनीही तिथे जरा जपून, त्याच्याही पोटात होकायंत्रच असतं.

वऱ्हाडी पाखरू

लै भारी धागा. आमच्याइकडे खोदलेलं कमी, रंगवलेलं जास्त. सातपुड्यात आमच्या अमरावती जिल्ह्याला लागून, पण हद्द बैतूलची, धारूळजवळ अंबादेवीच्या गुहांचा परिसर आहे. तिथली चित्रं २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमी मंडळींनी उजेडात आणली, सरकारी मोहीम वगैरे काही नव्हती, पक्षी-झाडं बघत फिरणारी माणसं होती.

तिकडे तुमची फोटोग्रामेट्री एकटी पुरत नाही कारण खोलीच नसते, गेरूचा रंग दगडात मुरून फिका झालेला असतो. त्याला डीस्ट्रेच नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. जॉन हार्मन नावाच्या माणसाने लिहिलेलं, मूळ युक्ती नासाच्या उपग्रह-चित्रांची. आपल्या डोळ्याला जे दोन तांबूस रंग एकच वाटतात त्यांच्यातला बारीक फरक ते ओढून ताणून मोठा करतं. लाल गेरूसाठी वेगळी सेटिंग, काळ्यासाठी वेगळी. पहिल्यांदा कोऱ्या दिसणाऱ्या भिंतीवर लावलं आणि लालभडक बैल उभा राहिला तेव्हा मी अक्षरशः ओरडलो ना भौ.

पण एक सांगतो, ते येड लावतं. सेटिंग बदलत गेलं की डागातही हरीण दिसायला लागते. म्हणून मूळ फोटो, सेटिंगचं नाव आणि बदललेला फोटो तिन्ही सोबत ठेवायचे, नुसता भडक फोटो फेसबुकवर टाकायचा नाही.

कट्ट्यावरचा

अवांतर: डागात हरीण वरून आठवलं. भीमबेटकाच्या गुहेत छताजवळ ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया प्राण्याचा जीवाश्म सापडला म्हणून २०२१ मध्ये जगभर बातम्या झाल्या होत्या, शोधनिबंधसुद्धा आला. दुसरे शास्त्रज्ञ नंतर प्रत्यक्ष जाऊन बघतात तर तो भाग सुटायला लागलेला, कारण ते मधमाश्यांचं जुनं पोळं होतं! मूळ मंडळींनी फोटोवरून आणि लांबून बघून ठरवलं होतं. त्यांनी चूक मान्य केली हे विशेष. तेव्हा धागाकर्त्याच्या ‘पावलांसारखं काहीतरी’ला माझ्याकडून तूर्तास पोळंच.

सड्यावरचा

@भूमापक काका, पापडाचं बरोबर ओळखलंत. आत्ता तपासलं, पट्टीजवळ मीटर म्हणजे मीटर आणि पलीकडच्या टोकाला कातळ तीन बोटं वर उचललेला दिसतोय. मला वाटलं होतं सड्याला उतार आहे.

@कट्ट्यावरचा, पोळं तर पोळं, मान्य. परत जाऊन हात लावून... नाही, हात न लावता बघतो.

कुशावतीकाठचा

आमच्या गोव्याचा उल्लेख कुणीतरी करेल म्हणून वाट बघत होतो, शेवटी मीच करतो. युनेस्कोच्या त्या नऊत नववं आमचं, सांगे तालुक्यात उसगाळीमळजवळ पणसायमळ, यादीत फणसामळ असं लिहिलंय. अगदी कुशावती नदीच्या काठावर जांभ्याचा कातळ, त्यावर बैल, हरणं, माणसं आणि ते प्रसिद्ध गोल चक्रव्यूह. १९९३ मध्ये गावच्या लोकांनी सांगितल्यावर पुरातत्त्व खात्याच्या लोकांना ते कळलं. म्हणजे गावाला ठाऊक होतंच, ‘शोध’ बाकीच्यांना लागला.

मी शाळेत असताना सहल गेली होती तेव्हा वाट दाखवणाऱ्याने चित्र उठून दिसावं म्हणून बाटलीतलं पाणी ओतून दाखवलं, आम्ही पण ओतलं, मस्त दिसलं. नंतर दुसऱ्या एका जागी (नाव नको) बघितलं तर कुणीतरी फोटोसाठी सगळ्या रेघा खडूने भरलेल्या, आणि वाईट म्हणजे चुकीच्या भरलेल्या. बैलाला मधेच तिसरं शिंग. आता त्याचे जे फोटो फिरतात त्यात तीन शिंगं आहेत. राखाडी मॉडेलवर उजेड टाकायची युक्ती मला म्हणून आवडली, कातळाला कुणी शिवत नाही. तुमच्या धाग्यातलं एवढं एक जरी सगळ्या गाइडपर्यंत पोचलं तरी पुष्कळ.

खडूस

सगळे टाळ्या वाजवतायत म्हणून जरा उलटं बोलतो.

ही नोंद कशासाठी? ‘जतन’ शब्द फार सैल वापरला जातोय. हार्ड डिस्कमध्ये ठेवलं म्हणजे जतन झालं का? उद्या खाणवाला म्हणेल, घेतलंय ना थ्रीडी, आता काढू द्या चिरे. हा काल्पनिक धाक नाही. ऑस्ट्रेलियात जूकन गॉर्जमध्ये ४६,००० वर्षांपासून माणसांच्या वावराच्या खुणा असलेले कातळ-आसरे होते. रिओ टिंटो कंपनीला २०१३ मध्ये कायदेशीर परवानगी मिळाली, २०१४ मध्ये रीतसर उत्खनन करून हजारो वस्तू काढून घेतल्या, त्यात माणसांच्या केसांची चार हजार वर्षांपूर्वीची वेणी होती, आज तिथे राहणाऱ्या लोकांशी डीएनए जुळणारी. अहवाल झाले, नोंद झाली, सगळं झालं. आणि मे २०२० मध्ये लोखंडाच्या खनिजासाठी सुरुंग लावून उडवलं. जगभर बोंब झाल्यावर कंपनीच्या मोठ्या साहेबांना जावं लागलं, पण दगड काही परत आला नाही.

तेव्हा आधी जागा वाचवा, मग बिर्याणी खा.

प्रवाळ (फ्रान्स)

@खडूस, जूकनचं पटलंच. पण काही वेळा जागा वाचवताच येत नाही, त्याचं काय करायचं?

मी दक्षिण फ्रान्समध्ये राहते. मार्सेजवळ समुद्रात कोस्केर गुहा आहे, तिचं तोंड पाण्याखाली ३७ मीटरवर. चित्रं काढली तेव्हा समुद्र खूप खाली होता, किनारा कित्येक किलोमीटर दूर. आंरी कोस्केर या पाणबुड्याने १९८५ मध्ये ती शोधली आणि गप्प बसला, १९९१ मध्ये तीन पाणबुडे तिथल्या बोगद्यात मेल्यावर बातमी फुटली. आत घोडे, हातांचे ठसे आणि पेंग्विनसारखा दिसणारा, आता पृथ्वीवरून नाहीसा झालेला ऑक पक्षीसुद्धा. पाण्याची पातळी वाढतेय आणि खालचे घोडे भिजतायत. तिथे तुम्ही कोणाविरुद्ध आंदोलन करणार, समुद्राविरुद्ध? म्हणून लेझरने आणि फोटोंनी सगळी गुहा इंच न इंच उतरवली आणि २०२२ च्या जूनमध्ये मार्से शहरात तिची प्रतिकृती उघडली. मी दोनदा गेले, दुसऱ्यांदा आईला घेऊन. गाडीत बसवून फिरवतात, आईला पहिल्यांदा वाटलं जत्रेतला आकाशपाळणा आहे. पण घोड्यांसमोर आल्यावर ती गप्प झाली.

इथल्याच लास्को या चित्रांच्या गुहेचं तर सगळ्यांना माहीत असेल, १९४० मध्ये सापडली, माणसांच्या श्वासानेच भिंतींवर बुरशी-शेवाळ धरायला लागलं म्हणून १९६३ मध्ये बंद करावी लागली. आता लोक बघतात ती नक्कल. म्हणजे इथे नोंद हीच मूळ जागेची ढाल झाली, लोकांना दाखवायला दुसरं काहीतरी आहे म्हणून खरं बंद ठेवता येतं.

खडूस

@प्रवाळ मुद्दा मान्य. पण तुमच्याकडे गुहेला दार लावता येतं. सड्याला दार कुठे लावणार?

प्रकाशकोन

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता)

प्रकाशकोन

पोटाजवळच्या त्या ‘पावलां’साठी सुचवतो: आरटीआय करून बघा (माहितीचा अधिकार नव्हे, वेगवेगळ्या बाजूंनी उजेड पाडून फोटो घ्यायची पद्धत). कॅमेरा स्टँडवर एकदम स्थिर, चित्राजवळ एक काळा चकचकीत गोळा ठेवायचा (मी स्नूकरचा बॉल वापरतो), आणि दिवा हातात घेऊन घुमटाच्या आकारात वेगवेगळ्या कोनांतून पन्नास-साठ फोटो. प्रत्येक वेळी दिव्याचं अंतर तेच राहावं म्हणून दोरी बांधायची. गोळ्यावर जो चमकता ठिपका येतो त्यावरून सॉफ्टवेअरला उजेडाची दिशा कळते. मग स्क्रीनवर माउसने उजेड फिरवत बसायचं. २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेतल्या टॉम मालझबेंडर वगैरेंनी काढलेली युक्ती. हातभर जागेत जे बारीक छिन्नीचे घाव दिसतात ते फोटोग्रामेट्रीत कधीकधी गुळगुळीत होऊन जातात.

पण अंगणाएवढ्या चित्राला निरुपयोगी, आणि दिवसा होत नाही कारण ऊन तुमच्या दिव्याला दाद देत नाही. म्हणजे रात्री सड्यावर. बूट घाला, रत्नागिरीकडचं फुरसं कातळाच्या रंगाचंच असतं. आम्ही तिघं होतो त्यातला एक फक्त बॅटरी घेऊन जमीन बघायला.

वीसफुटीसाठी ड्रोन नसेल तर मासेमारीची लांब काठी किंवा रंगाऱ्याची उघड-मीट होणारी काठी, तिला मोबाइल, आणि ब्लूटूथचं बटण. कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती मात्र १८ मीटर बाय १३, त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेले, तिथे काठीचं काम नाही. तिथे जमिनीवर उभं राहिलं तर हत्ती आहे हेच कळत नाही.

बिनतारी

साठवणीबद्दल, हा माझा धंदा आहे म्हणून. मॉडेल नव्हे, मूळ फोटो जपा. सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारतंय, आजच्या ४१२ फोटोंतून पाच वर्षांनी जास्त चांगला साचा निघेल, पण आजच्या साच्यातून फोटो निघणार नाहीत. व्हॉट्सॅपवरून पाठवलेले फोटो म्हणजे रद्दी, ते दाबून चपटे झालेले असतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. सोबत साधी टेक्स्ट फाइल: कुणी, कधी, कुठल्या कॅमेऱ्याने, हवा कशी होती, माप कसं घेतलं. माझ्या बहिणीच्या लग्नाची २००९ ची डीव्हीडी आज घरातल्या एकाही मशिनमध्ये जात नाही आणि वर नुसतं ‘लग्न भाग २’ लिहिलंय.

लोकेशन: जाहीर करायच्या प्रतींमधून जीपीएस काढून टाका, आपल्याजवळच्या मूळ प्रतीत ठेवा. आणि पार्श्वभूमीत मोबाइल टॉवर, देऊळ, ओळखीचा डोंगर येत नाही ना बघा. लोक त्यावरूनही शोधतात.

वीस हजार वर्षं

ही शिल्पं वीस हजार वर्षांपूर्वीची आहेत ना? मग धाग्यात तो उल्लेख कसा नाही? आपण जगात पहिले वगैरे...

सड्यावरचा

@वीस हजार वर्षं, मुद्दाम टाळला. खोदलेल्या रेघेत कार्बन नसतो, त्यामुळे चित्राचं वय थेट मोजता येत नाही. जे आकडे वाचतो ते आजूबाजूची दगडी हत्यारं, चित्रातले प्राणी यांवरून बांधलेले अंदाज आहेत. काही अभ्यासक दहा हजार म्हणतात, काही त्याहून मागे जातात. मला चार पायांचं कळायला तीस वर्षं लागली, मी कुठे वय सांगू.

वाडीतली

बरेच दिवस वाचत होते, आज बोलते. मी राजापूर तालुक्यातच राहते, पुण्यातून येऊन जाऊन नाही.

तुमच्या धाग्यात भूमापक आहेत, फ्रान्स आहे, स्नूकरचा बॉल आहे. ज्याची जमीन आहे तो कुठेच नाही. सड्याचा सातबारा बघितलायत का कधी? एकेका तुकड्यावर तीस-तीस नावं, अर्धी मुंबईत. वर्षाला त्यातून गवत सोडून काही मिळत नाही. चिरेखाणवाला येतो तो रोख पैसे घेऊन येतो. तुम्ही येता ते सेल्फी स्टिक घेऊन. आणि २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणाला काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. बायका उन्हात कातळावर आडव्या झाल्या होत्या. त्यानंतर आमच्याकडे कुणी पट्टी घेऊन सड्यावर चालताना दिसला की पहिला विचार हाच येतो, हा कुणाचा माणूस? ड्रोनचा आवाज आला की म्हातारी माणसं घरातून बाहेर येतात.

उक्षीला गावानेच पुढाकार घेऊन कातळावर कोरलेल्या हत्तीभोवती चिऱ्यांचा गडगा घातला, बघायला उंच जागा केली. ते टिकलं कारण ते गावाचं झालं. तुम्ही विचारलं होतं का कुणाला?

खडूस

+१. मी म्हणत होतो ते यांनी नीट सांगितलं.

सड्यावरचा

@वाडीतली, दोन दिवस काय उत्तर द्यावं कळत नव्हतं.

नाही विचारलं. चुलतभाऊ सोबत होता म्हणजे झालं असं धरून चाललो. खरं तर त्या तिसऱ्या दिवशी एक प्रकार घडला होता जो मी धाग्यात लिहिला नाही, लाज वाटली म्हणून. मी तासं धरून चालत असताना लांबचे एक काका हातात कोयता घेऊन तरातरा वर आले. “काय रे, कोणाची मोजणी चाललीय?” मी म्हटलं चित्राचे फोटो घेतोय. ते म्हणाले, “फोटो काढायला पट्टी कशाला लागते?” भावाने ओळख सांगितली तेव्हा कोयता खाली गेला, पण ते तिथून हलले नाहीत, मी संपवेपर्यंत बांधावर बसून होते. तो तुकडा त्यांच्याही नावावर आहे हे मला नंतर कळलं. मी पुण्याला येऊन तुम्हा सगळ्यांना विचारलं, त्यांना नाही.

मे महिन्यात लग्नाला जायचंय, तेव्हा घरी जाऊन भेटतो.

चहाटळ

मे मध्ये काय झालं? धागा वर काढतोय.

कुशावतीकाठचा

मी पण वाट बघतोय.

सड्यावरचा

गेलो होतो. उशीर झाला लिहायला, आधी लग्न, मग आजारपण.

काकांकडे सकाळी गेलो. भाच्याने ते राखाडी मॉडेल मोबाइलवर चालेल इतकं हलकं करून दिलं होतं. ओटीवर बसून दाखवलं, बोटाने कसं फिरवायचं, उजेड कुठून पाडायचा. आधी म्हणाले चष्मा आण. मग बराच वेळ बोललेच नाहीत. फिरवत बसले. काकू चहा घेऊन आल्या त्यांना म्हणाले, हे बघ, वरचं वाघरू. म्हणजे त्यांच्या घरात ते वाघरू होतं! आमच्या घरात पांडव, मला मासा, आणि त्यांना पहिल्यापासून चार पाय माहीत होते, कारण गुरं घेऊन ते पहाटे वर जायचे.

पोटाजवळची पावलं विचारली तर हसले. ती पावलं नाहीत, त्यांच्या वडिलांनी भात झोडायच्या खळ्यासाठी खांब रोवायला दोन खळगे केले होते. @कट्ट्यावरचा, पोळं निघालं. जिंकलात.

मी म्हटलं, ही नोंद कुठे द्यायची ती तुम्हाला विचारून देतो, तुमचं नाव त्यात राहील, जागा बाहेर सांगणार नाही. खाणीबद्दल विचारलं तर म्हणाले पलीकडचा तुकडा आमचा नाही, त्यांनी दिलाय, आम्हालाही विचारणं झालंय दोनदा. हो म्हणालात का, तर म्हणाले एकोणीस सह्या लागतात, अकरा झाल्यात. ते बाराव्याचं बोललेच नाहीत, मीही विचारलं नाही. आमचीही एक सही त्यात आहे, बाबांच्या नावाने, हे मला त्या ओटीवर कळलं.

निघताना मोबाइल परत देत म्हणाले, तू वरच्या अंगाचं एवढंच घेतलंस, खाली पाणवठ्याकडे तीन आहेत ती कुठे? मला ठाऊकच नव्हतं. भावालाही नाही. आता गवत वाढलंय, काही दिसणार नाही, दिवाळीनंतर गवत कापलं की ते स्वतः दाखवतो म्हणालेत.

तेव्हा @भूमापक काका, दोन लोखंडी पट्ट्या घेतल्यात, कर्णासाठी तीस मीटरचा टेप आणलाय. @प्रकाशकोन, स्नूकरचा बॉल एकच विकत मिळत नाही, पूर्ण सेट घ्या म्हणतात. कुणाकडे जादा काळा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.